दुरून डोंगर साजरे म्हणतात. मग रोजच्या घाटाचे चित्र कोणी पाहायचे?

घाटावरची

नमस्कार. मी कोल्हापुरात राहते आणि गेली बारा वर्षे जलरंगात निसर्गचित्रे करते. माझी बहुतेक चित्रे घरापासून चालत जाता येईल एवढ्याच परिसरातली आहेत. त्यांत पंचगंगेचा घाट आहे, शिवाजी पूल आहे, रंकाळ्याची संध्यामठाकडची बाजू आहे आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बांधलेल्या म्हशीही आहेत. समोर जे दिसते ते जसे दिसते तसे उतरवावे, एवढाच माझा प्रयत्न असतो.

गेल्या महिन्यात काही मित्रांबरोबर एक छोटे प्रदर्शन भरवले होते. आमच्याच पेठेतले एक गृहस्थ घाटाच्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "ताई, चित्र छानच आहे, पण हे तर आम्ही रोज बघतो. भिंतीवर लावायचं तर काहीतरी बघण्यासारखं हवं." त्यांनी शेजारच्या मित्राचे लडाखचे चित्र घेतले. त्या मित्राचे चित्र खरोखर चांगले होते, त्यामुळे तक्रार नाही.

त्याच संध्याकाळी एक वयस्क आजोबा आले. ते त्याच चित्राच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वरून तिसरी पायरी डाव्या अंगाला फुटलेली आहे. तुम्ही अख्खी काढलीय." त्या पायरीवर मी कितीतरी वेळा बसले आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, तर पायरीचा वीतभर कोपरा खरोखरच निखळलेला होता. एकाला रोजचे म्हणून त्यात पाहण्यासारखे काही वाटले नाही, दुसऱ्याने रोजचे म्हणूनच इतके बारकाईने पाहिले आणि मी स्वतः बारा वर्षे पाहत असूनही पायरी अख्खी काढली.

म्हणून विचारावेसे वाटते की ओळखीच्या जागेत सौंदर्य दिसणे हे ओळखीमुळे घडते, की ओळख असूनही घडते? एखादे चित्र पाहून आपल्याच गावाकडे नव्याने पाहावेसे वाटले, असा अनुभव आपल्यापैकी कोणाला आहे का?

गोदाकाठ

पिकते तिथे विकत नाही, हे चित्रांनाही लागू पडते म्हणायचे! पण ताई, ते आजोबा म्हणजे तुमचे खरे परीक्षक. त्यांना परत बोलवा.

सह्यकडा

घाटावरची ताई, आपला प्रश्न वाचून राहवले नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. या काळात निसर्गचित्राचे हजारो कागद तपासले असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांवर एकच चित्र होते: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून रुंद होत जाणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, झोपडीला टेकलेले नारळाचे झाड आणि वर बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. आपण सगळ्यांनी हे चित्र काढलेले आहे.

आमच्या एका वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. त्याचा माथा सपाट आहे. आपला सह्याद्री हा लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला आहे, त्यामुळे त्याचे माथे बहुधा सपाट असतात आणि अंगावर आडवे पट्टे असतात, म्हणजे एक काळा कडा, त्याखाली गवताचा उतार, मग पुन्हा कडा. त्रिकोणी टोकाचे डोंगर मुलांनी पाहिले होते ते पुस्तकांत आणि कॅलेंडरवर. खिडकीतला खरा डोंगर रोज डोळ्यांसमोर असूनही कागदावर कधी येत नसे.

एकदा मी सर्वांना खिडकीकडे तोंड करून बसवले आणि सांगितले की आज फक्त डोंगराच्या माथ्याची रेघ काढायची, बाकी काहीही नाही. पाचवीतली एक मुलगी बराच वेळ काहीच न काढता बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "सर, याला टोकच नाही!" तिच्या आवाजात तक्रार होती. तिला वाटले, डोंगराचेच काहीतरी चुकले आहे. त्यानंतर तिने काढलेली रेघ मी जपून ठेवली आहे. ती जवळजवळ सरळ आहे, उजवीकडे किंचित खचलेली आहे, आणि तो दुसरा कोणताही डोंगर नसून अजिंक्यताराच आहे.

म्हणून माझे उत्तर असे की रोजचे आपल्याला दिसत असते हा समजच मुळात चुकीचा आहे. रोजच्या जागी आपण आपल्या डोक्यातले चित्र पाहत असतो. आपल्या हातून पायरी अख्खी निघाली ती यामुळेच, कारण पायरी म्हणजे अख्खी, हे डोक्यात आधीपासून होते. वास्तवदर्शी चित्रकाराचे काम त्या डोक्यातल्या चित्राच्या आड लपलेली वस्तू बाहेर काढण्याचे आहे, आणि हे काम परक्या मुलखापेक्षा आपल्या दारात अधिक अवघड असते.

परखड

सह्यकडा सर, आपला अनुभव सुंदर आहे, तरीही मी असहमती नोंदवतो. जसे दिसते तसे उतरवणे हे शब्द मला नेहमी खटकतात. घाटांची, वाड्यांची, कौलारू घरांची जी शेकडो चित्रे आपल्याकडे प्रदर्शनांत लागतात, त्यांत विजेच्या तारा कुठे असतात? पाण्याच्या काळ्या टाक्या, फ्लेक्स, मोबाइलचे मनोरे, घाटावर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य हे सारे कुठे जाते? चित्रकार बसतो आजच्या घाटावर आणि रंगवतो आजोबांच्या काळातला घाट. तो जागेचा सत्कार करत नाही, तिची साफसफाई करतो. आपल्या गावात सौंदर्य सापडले असे म्हणायचे आणि त्यातला अर्धा भाग पुसून टाकायचा, हे मला प्रामाणिक वाटत नाही. घाटावरची ताईंनी राग मानू नये, पण त्यांच्या चित्रात तारा आहेत का, हे मला खरेच जाणून घ्यायचे आहे.

पाणरंग

तारांचा प्रश्न रास्त आहे, पण चित्रात निवड असणारच. कागद हातभर आणि समोरचे दृश्य मैलभर असते. जलरंगात तर कागदाचा पांढरा भाग हाच उजेड असतो आणि तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, म्हणजे काय काढायचे नाही हे पहिल्या वॉशच्या, म्हणजे रंगाच्या पातळ पाणीदार थराच्या, आधी ठरवावेच लागते. सोडणे आणि खोटे बोलणे यांत फरक करायला हवा.

परखड

फरक आहे, हे मान्य. पण प्रत्येक जण नेमके तेच सोडत असेल तर?

घाटावरची

परखडजी, राग अजिबात नाही. प्रामाणिक उत्तर असे आहे की पहिली चार-पाच वर्षे माझ्या चित्रांत तारा नव्हत्या. मी त्या ठरवून पुसत नव्हते, त्या मला दिसतच नव्हत्या. सह्यकडा सरांनी म्हटले तसे घाट म्हणजे दगड, पाणी आणि दीपमाळा, हे डोक्यात पक्के होते.

२०१९च्या महापुराने हे बदलले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पूर ओसरल्यावर घाटावर गेले तेव्हा माझ्या ओळखीचा घाट तिथे नव्हता. सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या, आणि तो तपकिरी, करडा किंवा पिवळा यांपैकी नेमका कोणताही म्हणता येत नव्हता. आसपासच्या भिंतींवर एकाखाली एक अशा गाळाच्या रेघा होत्या, कारण पाणी उतरताना जिथे जिथे थांबले तिथे ते आपली खूण ठेवून गेले होते. सर्वांत वरच्या रेघेच्याही वर विजेच्या तारेला एक साडी अडकून वाळली होती. त्या दिवशी तार न काढता चित्र होणेच शक्य नव्हते, कारण पाणी कुठवर आले होते हे सांगणारी तीच एक वस्तू होती.

तेव्हापासून तारा येतात. प्लॅस्टिकही येते, पण लांबून ते फक्त पांढरे आणि निळे ठिपके असतात. खरे सांगायचे तर पाण्याच्या कडेला ते ठिपके कधी कधी सुंदर दिसतात, आणि ते सुंदर दिसल्याचे मला वाईट वाटते. या वाईट वाटण्याचे काय करावे, हे मला अजून कळलेले नाही.

गोदाकाठ

ताई, पुराच्या रेघांचे वाचून अंगावर काटा आला. आमच्या नाशकात पूर फुटांत कोणी विचारतच नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आले, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत की गळ्यापर्यंत, एवढेच विचारतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मी चित्रकार नाही, व्यापारी आहे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार लहानपणापासून माझ्या पायाखालचा आहे. आमचे नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगात पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांचे एक चित्र मी तरुणपणी पाहिले होते. सकाळच्या उन्हात देवळांच्या सावल्या पायऱ्यांवरून घडी घातल्यासारख्या खाली उतरत होत्या. सावलीला अशी घडी पडते हे मला ठाऊकच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी ती पाहायला गेलो, आणि आज पस्तीस वर्षांनीही पायऱ्या उतरताना आधी सावलीकडेच लक्ष जाते. पेठेतल्या गृहस्थांना एवढेच सांगावेसे वाटते की रोज बघत असलात तरी एकदा चित्र पाहून मग बघा.

जांभा

रत्नागिरीहून लिहीत आहे. मी वास्तुविशारद आहे आणि रविवारी चित्रे काढते. बाहेरचे चित्रकार कोकणात येतात आणि जांभ्याचा चिरा लालभडक रंगवतात, कारण जांभा लाल असतो असे त्यांनी ऐकलेले असते. खाणीतून नुकताच काढलेला चिरा तसा असतो खरा. पण गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंतीत, दहा पावसाळे काढलेला चिरा वरून जवळजवळ काळा पडतो, त्याच्या भोकाभोकांत शेवाळ धरते आणि लाल रंग उरतो तो फक्त टवका उडालेल्या जागी. मे महिन्यात ते शेवाळ वाळून राखाडी होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच गडगा रातोरात हिरवा होतो. हे सगळे एकाच दगडाचे रंग आहेत, आणि ते माहीत होण्यासाठी वर्षभर त्या गडग्याशेजारून जावे लागते. त्यामुळे मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की हे ओळखीमुळेच घडते. पाहुण्याला जागेची एकच तारीख दिसते.

दूरदेशी

मी सध्या इंग्लंडमध्ये इप्सविचला राहतो. या चर्चेत इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे नाव आल्याशिवाय राहवत नाही, कारण फ्लॅटफर्डची त्याची जागा माझ्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे.

कॉन्स्टेबल १७७६मध्ये ईस्ट बर्घोल्ट या गावी जन्मला. वडिलांची जवळच फ्लॅटफर्डला स्टूर नदीकाठी पिठाची गिरणी होती. त्या काळी मोठा चित्रकार व्हायचे तर इटलीला जाऊन पुराणातली दृश्ये रंगवावीत असा प्रघात होता, पण हा माणूस आयुष्यात कधी इंग्लंडबाहेर गेला नाही. १८२१मध्ये फिशर नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या आवडीच्या गोष्टी सांगितल्या आहेत. गिरणीच्या बांधातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, वाळुंजाची झाडे, कुजलेल्या जुन्या फळ्या, बुळबुळीत खांब आणि विटांचे बांधकाम अशी ती यादी आहे, आणि स्वतःच्या जागाच आपल्याला सर्वांत चांगल्या रंगवता येतील असेही त्याने तिथेच म्हटले आहे. त्याच वर्षी त्याने 'द हे वेन' हे मोठे चित्र लंडनच्या रॉयल अकादमीत लावले. वडिलांच्या गिरणीजवळचा नदीचा उथळ भाग, त्यात उभी असलेली गवताची गाडी आणि डावीकडे शेजाऱ्याचे घर, एवढाच त्याचा विषय आहे. तिथे ते विकले गेले नाही. पुढे १८२४मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. स्वतःच्या देशात अकादमीचा पूर्ण सदस्य व्हायला त्याला १८२९ साल उजाडावे लागले, तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. घाटावरची ताई, पेठेतले गृहस्थ तिथेही होते.

पण जांभाताईंना एक गोष्ट सांगायला हवी. ते चित्र नदीकाठी बसून केलेले नाही. जागेवर केलेली जुनी टिपणे समोर ठेवून ते लंडनमध्ये रंगवलेले आहे. गाडीचे तपशील नेमके आठवेनात, म्हणून त्याने ते गावाकडून मागवले आणि तिथल्या एका तरुण मित्राने खऱ्या गाडीची रेखाटने करून पाठवली. म्हणजे जागा जवळची असली तरी तो स्वतः तिच्यापासून दूर होता. मला माझ्या गावचा, वाईचा, कृष्णेचा घाट खऱ्या अर्थाने दिसू लागला तो इथे आल्यावर. तिथे असताना मी त्याच्यावरून फक्त जात-येत होतो.

जांभा

दूरदेशी दादा, आपले म्हणणे मनाला भिडले, तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. आठवण काढायला दूर जावे लागत असेल, पण जी आठवण काढायची ती जवळ राहूनच साठते. कॉन्स्टेबलला कुजलेल्या फळ्या आठवल्या, कारण लहानपणी तो त्यांवरून चालला होता. गाडीचे तपशील विसरला, तेव्हा त्यालाही गावच आठवावे लागले.

सह्यकडा

दूरदेशी, कॉन्स्टेबलच्या ढगांचाही उल्लेख व्हायला हवा होता. १८२१ आणि १८२२ या वर्षांत त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या आकाशाचे अनेक अभ्यास केले, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. रोज डोक्यावर असणाऱ्या आभाळाकडे इतक्या आदराने पाहणे मला फार मोठे वाटते.

मात्र कोल्हापूरचा धागा आणि आबालाल रहिमान यांचे नाव नाही, हे बरे दिसत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून, १८८८मध्ये व्हाइसरॉयचे पदक मिळवून हा चित्रकार कोल्हापुरात राहिला. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना होता. पंचगंगा, रंकाळा आणि कोटितीर्थ तलाव हाच त्यांच्या निसर्गचित्रांचा मुलूख होता. १९३१मध्ये ते गेले. महाराजांच्या निधनानंतर दुःखाच्या भरात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. उरलेल्यांपैकी काही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत.

घाटावरची

सर, आबालाल मास्तरांचे नाव मी मुद्दाम टाळले होते, कारण त्यांच्या पाठोपाठ माझ्या चित्रांबद्दल लिहायला संकोच वाटतो. टाऊन हॉलमध्ये मी अनेकदा जाते. त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले की एक गोष्ट जाणवते. ते पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा काठावरच्या दमट हवेत अधिक रमतात. कोटितीर्थाजवळ आजही पहाटे तशीच हवा असते. भोवती गाव किती वाढले, झाडी किती कमी झाली, पण सूर्य वर येण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत पाण्यावरचा तो धूसर जांभळा रंग अजून तोच आहे. आपण ज्या पाण्यापाशी उभे आहोत त्याच पाण्यात ती चित्रे गेली असतील, हा विचार मनातून जात नाही.

परखड

मी काल रात्री हा धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. साफसफाईचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही, कारण तो बहुतेक चित्रांना अजूनही लागू आहे. पण घाटावरची ताईंनी लिहिलेली तारेवरची साडी आणि सुंदर दिसल्याचे वाईट वाटणारे ठिपके, यांची चित्रे असतील तर ती मला पाहायची आहेत. पुढचे प्रदर्शन पुण्यात भरवावे, ही विनंती.

पाणरंग

थोडे तांत्रिक विचारतो. ताई, त्या गाळाचा रंग कसा मिळवला? ट्यूबमधला कोणताही तपकिरी रंग थेट लावला की चॉकलेटसारखा दिसतो, हा माझा अनुभव आहे.

घाटावरची

तीन वेळा फसल्यावर जमला. आधी रॉ सिएना या पिवळसर तपकिरी रंगाचा अगदी पातळ वॉश देऊन तो पूर्ण वाळू दिला. त्यावर बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा निळा अल्ट्रामरीन मिसळून भरपूर पाण्यातून सोडला आणि बोर्ड तिरका धरला. अल्ट्रामरीनचे कण खाली बसतात आणि कागदाच्या खळग्यांत रवाळ गाळ साचल्यासारखा दिसतो. म्हणजे कागदावरही पाणी उतरताना रेघ ठेवून जाते. ब्रश फिरवायचा नाही, फिरवला की चिखल होतो. ऑगस्टमधल्या दमट हवेत पहिला वॉश वाळायलाच तास लागला, तेवढी वाट मात्र पाहावी लागली.

आता मूळ पायरीबद्दल. काल सकाळी मी ते चित्र नव्याने करायला घाटावर गेले, या वेळी फुटका कोपरा नीट पाहून काढायचा म्हणून. जाऊन पाहते तर कोणीतरी तो सिमेंटने भरून टाकला आहे. भरलेला भाग ताजा आहे, फिकट करडा, आणि आजूबाजूच्या काळ्या दगडात तो लांबूनही उठून दिसतो. आजोबाही तिथेच भेटले. त्यांना सिमेंट आवडलेले नाही. ते म्हणाले, "तुम्ही फुटकीच काढा." आता मला प्रश्न पडला आहे की फुटकी काढावी, भरलेली काढावी की दोन्ही चित्रे करावीत?

सह्यकडा

जे काल दिसले तेच काढावे, म्हणजे सिमेंटसकट. आणि चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि वारा लिहावा.

जांभा

दोन पावसाळ्यांत ते सिमेंटही काळे पडेल. तेव्हा पुन्हा एकदा काढा.

घाटावरची

आज साडेसहा ते आठ बसले. पायऱ्या अजून सावलीत होत्या, त्यामुळे सिमेंट मला वाटले होते तितके उठून दिसत नव्हते, निळसर दिसत होते. मागे तारीख आणि वेळ लिहिली आहे. वारा पडलेला होता, तेही लिहिले. आजोबांनी चित्र पाहिले आणि म्हणाले की पायरी आता बरोबर आहे, पण तिच्या खालची थोडी कललेली आहे, ती मी सरळ काढली आहे.